विद्यापीठाची पत आणि पदवीचें मोल



परीक्षांचे निकाल लागले कीं सुशिक्षित घरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मुलानें किंवा मुलीनें काय शिकावें हा प्रश्न मागें पडतो आणि कोणत्या विद्यापीठांत शिकावें हा प्रश्न पुढें येतो. नांवाजलेल्या विद्यापीठाची पदवी हातीं असली म्हणजे चांगल्या जागेची चिंता नको, आणि सामान्य विद्यापीठाची असली तर जन्मभर मागें राहावें लागेल, अशी समजूत दृढ झालेली आहे. या समजुतीपायीं कोणी कर्ज काढतात, कोणी गांवाकडील जमीन विकतात, आणि मनाजोगता प्रवेश न मिळालेलीं अठरा वर्षांचीं मुलें आपलें सारें संपलें असें मानून खिन्न होऊन बसतात. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. तेव्हां पदवीची महती गाणें किंवा तिची निंदा करणें, या दोहोंचाहि मला अधिकार नाहीं. परंतु इतरांचीं मुलें पदवीच्या वाटेला लावून देण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि या प्रश्नाचें उत्तर आपल्याच मुलखाच्या इतिहासांत शोधण्याची संवय मला लागली. तो इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें ठेवीत आहें.

जुन्या काळीं व्यापारांत हुंडी चालत असे. हुंडीचा कागद स्वतः कवडीमोलाचा. त्याचें मोल तो लिहून देणाऱ्या पेढीच्या लौकिकावर अवलंबून. पेढीचें नांव जितक्या शहरांत माहीत, तितक्या शहरांत हुंडी वटे. त्यापलीकडे ती नुसता कागद. पदवीचेंहि असेंच आहे. पदवी ही विद्यापीठानें लिहिलेली हुंडी, आणि ती वटविणारे म्हणजे सरकार, शाळा, व्यापारी, कारखानदार. ही हुंडी कोठें वटते, कोणासाठीं वटते, आणि न वटली तर ती बाळगणाऱ्याचें काय होतें, असे तीन प्रश्न विचारले म्हणजे विषय पुष्कळ उलगडतो.

मुंबई विद्यापीठाचा लौकिक आरंभीं कशावर उभा राहिला तें प्रथम पाहूं. १८४४ सालीं गव्हर्नर-जनरल हार्डिंज यांनीं असें जाहीर केलें कीं, सरकारी नोकऱ्या देतांना इंग्रजी शिकलेल्यांस प्राधान्य द्यावें. १८५४ सालीं चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला, आणि त्यास अनुसरून १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें तीन विद्यापीठें स्थापन झालीं. तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर रचलेलीं होतीं. म्हणजे विद्यापीठ स्वतः कांहीं शिकवीत नसे. शिकवीत तीं एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन यांसारखीं कॉलेजें. विद्यापीठ परीक्षा घेई आणि शिक्का मारी. मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांचे स्वतःचे विभाग काढले ते १९१९ च्या सुमारास. तोंपर्यंतचीं साठ वर्षें विद्यापीठाची बहुतेक सारी प्रतिष्ठा ही त्या शिक्क्याची प्रतिष्ठा होती. आणि त्या शिक्क्याला किंमत कां? तर तो दाखविला म्हणजे सरकारी कचेरीचें दार उघडत होतें म्हणून.

१८६२ सालीं या विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे पुढें १८९३ सालीं मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. भांडारकर संस्कृत विद्येंत जगन्मान्य ठरले आणि त्याच विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सेलरहि झाले. येथें एक गोष्ट सहज नजरेंतून सुटते. हे चौघे पदवीधर झाले तेव्हां विद्यापीठ अवघें पांच वर्षांचें होतें. त्याला परंपरा नव्हती, पूर्वपुण्याई नव्हती. रानडे-भांडारकरांना विद्यापीठानें मोठें केलें असें आपण म्हणतों. परंतु विद्यापीठाला मोठें नांव मिळालें तें बव्हंशीं अशा विद्यार्थ्यांमुळें, हेंहि तितकेंच खरें. पेढीचा लौकिक तिच्या हुंड्या वटत गेल्यानेंच वाढतो.

सरकारी शिक्क्याची ओढ किती खोल गेली होती, तें कोंकणांतल्या एका मुलाच्या हकीकतींत दिसतें. दापोलीजवळच्या मुरुड गांवचा हा मुलगा सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं साताऱ्यास निघाला. भर पावसांत, सह्याद्रि ओलांडून, शंभरांहून अधिक मैलांची वाट त्यानें पायीं तुडविली. आणि तेथील परीक्षकांनीं त्याची लहानखुरी शरीरयष्टि पाहून, हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढें १८८४ सालीं ते एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले आणि १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत राहिले. शिक्क्याचें मोल ज्यानें असें पायपीट करून जाणलें, त्यानेंच पुढें सरकारी शिक्का नसलेलें विद्यापीठ काढलें, ही आपल्या इतिहासांतील मोठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

तिकडे वळण्यापूर्वीं दुसऱ्या टोंकाचें एक उदाहरण सांगतों. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ सालीं त्यांनीं तेथें कायद्याची बी. सी. एल. ही परीक्षा दिली. ती परीक्षा देणारी ती पहिलीच स्त्री. ऑक्सफर्डहून मोठी पेढी त्या काळीं कोणती होती? परंतु त्या पेढीनें हुंडी लिहूनच दिली नाहीं. कारण स्त्रियांना पदव्या देण्याचा नियम ऑक्सफर्डनें केला तो १९२० सालीं. स्वदेशीं परत आल्यावर वकिलीचें दारहि बंद. १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स खात्यांत, पडद्यांतील जमीनदार स्त्रियांचें हित पाहण्याचें काम त्यांना मिळालें, आणि तें त्यांनीं मोठ्या कर्तबगारीनें केलें; परंतु हिंदुस्थानांत स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. विद्यापीठाचा लौकिक आणि त्यानें दिलेला अधिकार या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें यावरून ध्यानांत यावें. लौकिक असून अधिकार नसेल तर विद्वत्ता असूनहि वाट अडते.

आतां कर्व्यांच्या विद्यापीठाकडे येऊं. येथें प्रकार उलट होता. लौकिकहि नव्हता आणि सरकारी अधिकारहि नव्हता. १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम, पुढें हिंगण्याचें महिला विद्यालय, असा वीस वर्षांचा अनुभव कर्व्यांच्या गांठीं होता. जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनांत आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथें त्यांनीं महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें विद्यापीठ सुरूहि झालें. कॉलेजच्या पहिल्या वर्गांत पांच विद्यार्थिनी होत्या. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा. इंग्रजी हा एक विषय. आणि त्याबरोबर आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र, बालसंगोपन असे संसाराला उपयोगी पडणारे विषय. पदवीचें नांवहि निराळें ठेवलें : गृहीतागमा, म्हणजेच जी. ए.

अशा पदवीला कोण विचारणार, असा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांनीं केला, आणि तो अगदींच खोटा नव्हता. सरकारी नोकरींत या पदवीला बी. ए. ची बरोबरी नव्हती. इतर विद्यापीठांत वरच्या अभ्यासाला जावें तर तेथेंहि ती चालत नव्हती. मुलीच्या शिक्षणावर आधींच कां कूं करणाऱ्या बापानें, मान्यता नसलेल्या पदवीसाठीं तीन वर्षांचा खर्च कां करावा? हा नुसता वादाचा मुद्दा नव्हता. हिंगण्याच्या कित्येक विद्यार्थिनी बालविधवा होत्या. शिक्षणाच्या शेवटीं स्वतःचें पोट भरण्याची शक्ति येणार कीं नाहीं, यावर त्यांचें सारें पुढील आयुष्य लटकलेलें होतें.

तरीहि या विद्यापीठाची हुंडी हळूहळू वटूं लागली. कशी, तें पाहण्याजोगें आहे. पहिली गोष्ट, तिच्यामागें कोण उभे राहिले? विद्यापीठाचे पहिले कुलपति झाले रामकृष्णपंत भांडारकर. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकीं एक, त्याच विद्यापीठाचे माजी व्हाइस-चॅन्सेलर, आणि वय ऐंशीच्या घरांत. उपकुलपति झाले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजला १८९९ सालीं सीनियर रँग्लर होणारे पहिले हिंदी गृहस्थ. म्हणजे मुंबई आणि केंब्रिज या दोन मोठ्या पेढ्यांवर मिळविलेली पत या दोघांनीं एका नव्या, गरीब पेढीला उसनी दिली. दुसरी गोष्ट पैशाची. कर्व्यांनीं स्वतः गांवोगांव हिंडून लहान लहान वर्गण्या जमविल्या, आणि १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी देऊं केली. त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई यांचें नांव विद्यापीठास मिळालें. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, ही पदवी वटविणाऱ्या संस्था विद्यापीठाच्या आश्रयानेंच उभ्या राहत गेल्या. मुलींच्या शाळा निघत होत्या. त्यांना शिक्षिका हव्या होत्या. आणि तेथें जी. ए. झालेल्या बायकांचें शिकविणें लोकांनीं प्रत्यक्ष पाहिलें.

या पदवीधरांत बाळूताई खरे म्हणून एक होत्या. लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्यांनीं मुलींच्या शाळेंत शिकविलें, आणि १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकून मिळवत्या झालेल्या मुलींच्या मनाची कोंडी त्यांत इतक्या निर्भयपणें मांडलेली होती कीं, ही लेखिका कोण म्हणून महाराष्ट्रभर खळबळ उडाली. पुढें त्यांनीं सोलापूर येथें, गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींत काम केलें. त्या अनुभवांतून ‘बळी’ ही कादंबरी १९५० सालीं बाहेर आली. मातृभाषेंत मिळविलेली ही मान्यता नसलेली पदवी त्यांच्या कर्तृत्वाच्या आड आली नाहीं. परंतु एवढ्यावरून पदवीच्या मान्यतेचें महत्त्व नाहीं असा निष्कर्ष काढणें धाडसाचें होईल. मालतीबाईंसारखी बुद्धि शंभरांत एखादीला असते. उरलेल्या नव्व्याण्णवांना साध्या शाळेंत साधी नोकरी हवी असते. त्यांच्यासाठीं शिक्का लागतोच. १९४९ सालीं मुंबईच्या विधिमंडळानें कायदा केला आणि १९५१ पासून या विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला, तेव्हां तो विद्यापीठाचा मान वाढला एवढ्यापुरताच आनंदाचा प्रसंग नव्हता. त्या सामान्य मुलींची पस्तीस वर्षांची अडचण त्यायोगें दूर झाली.

असाच प्रकार असहकारितेच्या काळांत झाला. सरकारी शिक्क्यावर बहिष्कार घालून १९२० सालीं अहमदाबादेस गुजरात विद्यापीठ, १९२१ सालीं पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि बनारसला काशी विद्यापीठ निघालें. काशी विद्यापीठाची पदवी ‘शास्त्री’. ती घेतलेल्या एका गरीब घरच्या तरुणानें ती आपल्या नांवापुढें लावली, आणि ती जणूं त्याचें आडनांव होऊन बसली. ते लालबहादुर शास्त्री १९६४ सालीं देशाचे पंतप्रधान झाले. येथें हुंडी कोणीं वटविली? सरकारनें नव्हे; राष्ट्रीय चळवळीनें. त्या चळवळीच्या बाजारांत या पेढीचा लौकिक मोठा होता.

आतां या सर्व विवेचनाला छेद देणारें एक उदाहरण सांगितलें पाहिजे. तें वगळलें तर आपला इतिहास अर्धाच राहील. भीमराव रामजी आंबेडकर हे एल्फिन्स्टन कॉलेजांतून १९१२ सालीं बी. ए. झाले. १९१३ सालीं बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें एम. ए. झाले, डॉक्टरेटसाठीं प्रबंध लिहिला, लंडनला अभ्यास आरंभिला, आणि १९१७ सालीं ठरल्याप्रमाणें बडोद्याच्या सेवेंत रुजू झाले. इतकें शिकलेले अधिकारी त्या संस्थानांत फार नसावेत. परंतु त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी सराईंत ते उतरले, तर कांहीं दिवसांतच लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढलें, आणि अखेर बडोदें सोडून त्यांना मुंबईस यावें लागलें. १९१८ सालीं सिडनॅम कॉलेजांत ते प्राध्यापक झाले. तेथेंहि प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या भांड्यांतलें पाणी त्यांनीं घ्यावें हें कांहीं सहकाऱ्यांना खपलें नाहीं. हुंडी जगांतील एका थोर पेढीची होती. परंतु बडोद्याच्या बाजारानें पेढीचें नांव विचारलेंच नाहीं. त्यानें आणणाऱ्याची जात विचारली.

याच बाबासाहेबांनीं पुढें काय केलें, तें अवश्य लक्षांत घ्यावें. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें. तें त्यांनीं मुंबई विद्यापीठाला जोडून घेतलें. मान्यता नसलेलें स्वतंत्र विद्यापीठ काढण्याच्या वाटेला ते गेले नाहींत. माझ्या मतें यांत मोठा व्यवहार आहे. मान्यता नसलेली पदवी घेणें हें धाडस ज्याच्यामागें कोणी तरी उभें आहे, त्यालाच परवडतें. कर्व्यांच्या मुलींमागें त्यांची संस्था होती. काशीच्या शास्त्र्यांमागें चळवळ होती. ज्याच्या घराला नांव नाहीं, ज्याच्यासाठीं शब्द टाकणारा कोणी नाहीं, त्याच्या हातीं तरी सर्वत्र चालणारी हुंडी दिलीच पाहिजे.

हेंच तत्त्व अलीकडे दूरच्या देशांत आंकड्यांनिशीं पुढें आलेलें आहे. अमेरिकेंत डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. अत्यंत नांवाजलेल्या कॉलेजांत शिकलेले विद्यार्थी, आणि तशाच कॉलेजांत प्रवेश मिळत असूनहि कमी नांवाच्या कॉलेजांत गेलेले तितक्याच योग्यतेचे विद्यार्थी, यांच्या पुढील मिळकतीची त्यांनीं तुलना केली. तेव्हां बहुतेकांच्या बाबतींत फारसा फरक आढळला नाहीं. म्हणजे ज्याला आपण कॉलेजचें तेज म्हणतों, तें पुष्कळसें विद्यार्थ्यांनीं घरून आणलेलें असतें. परंतु गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना मात्र मोठ्या कॉलेजचा लाभ स्पष्ट दिसून आला. देश निराळा, काळ निराळा; तरी आपल्या इतिहासाशीं हें जुळतें. ज्याची पत कमी, त्याला पेढीच्या लौकिकाचा उपयोग अधिक.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर काय? विद्यापीठाच्या प्रतिष्ठेनें फरक पडतो काय? पडतो, पण सर्वांना सारखा नव्हे, आणि सर्वकाळ नव्हे. प्रथम पाहावयाची ती मान्यता. ज्या व्यवसायांत जावयाचें, तेथें ती पदवी चालते कीं नाहीं, याची खात्री करून घ्यावी. यांत भावनेला वाव नाहीं. मान्यता असेल तर त्यापुढील लौकिकासाठीं सुखवस्तु, शिकलेल्या घरांनीं जीव टांगणीला लावण्याचें कारण नाहीं. त्यांच्या मुलांना घरची भाषा, घरचीं पुस्तकें, घरचे ओळखीपाळखीचे लोक यांचा आधार असतोच. निराशेनें काळवंडून जावें असें कांहीं झालेलें नसतें. उलट ज्या घरांतील पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजची पायरी चढत आहे, त्यांनीं चांगल्या विद्यापीठांतील जागा मिळत असेल तर संकोचानें सोडूं नये, आणि आपण त्यांना ती सोडूं देऊं नये. आणि नोकरी लागल्यानंतर पांचसात वर्षांनीं पेढीचें नांव पुसट होत जातें, माणसाचें काम तेवढें उरतें, हें दोघांनींहि ध्यानांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट सांगून हें भाषण पुरें करतों. आपण नेहमीं हुंडी आणणाऱ्याच्या बाजूनें विचार करतों. परंतु आपल्यापैकीं कित्येकजण हुंडी वटविणारेहि आहेत. कोणी शाळा चालवितात, कोणी कचेरींत माणसें नेमतात, कोणी आपल्या इमारतींत कोणाला बिऱ्हाड द्यावें हें ठरवितात. समोर आलेल्या तरुणाच्या कागदावर आपण नुसतें पेढीचें नांव वाचतों, कां त्याच्या अंगचें काम पाहतों, कां आणखीच कांहीं तरी विचारतों, यावर त्याच्या पदवीचें खरें मोल ठरत असतें. कॉर्नेलियाबाईंना थांबविलें तें नियमांनीं, आणि ते नियम कालांतरानें बदलतां आले. बडोद्यास जें घडलें त्याला कोणत्याहि विद्यापीठाचा नियम कारण नव्हता. तें तुमच्याआमच्यासारख्या गृहस्थांनीं केलें, आणि तें सुधारण्याचें कामहि कोणतेंच विद्यापीठ आपल्यासाठीं करूं शकणार नाहीं.